आईच्या डब्यातले बारा रुपये

तेहतीस वर्षे मी बँकेत कॅशियर होतो. एवढ्या वर्षांत किती रुपये हातांखालून गेले याचा हिशेब कोणी विचारला तर सांगता येणार नाही. पण खरे सांगायचे तर, एकाही नाण्याकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. चिल्लरची थैली आली की ती मोजायची, दहाच्या थप्प्या लावायच्या, कागदात गुंडाळायच्या. संध्याकाळी कॅश जुळली की घर. एक रुपया कमी पडला तर रात्री आठपर्यंत बसायचे आणि तो सापडला की त्याच्या तोंडाकडे न बघता पुन्हा थैलीत टाकायचा. हलवायाला मिठाईची वासना राहत नाही म्हणतात, तसेच काहीसे.

तेव्हा गेल्या हिवाळ्यात वर्ध्यात नाण्यांचे प्रदर्शन भरले आणि मी रविवारी सकाळी साडेदहाला तिथे हजर झालो, तो छंद म्हणून नव्हे. माझ्या स्वेटरच्या आतल्या खिशात रुमालात बांधलेले बारा चांदीचे रुपये होते. ते आईचे.

त्यामागची गोष्ट सांगायला हवी. आमचे गाव देवळी तालुक्यात. वडील गेल्यावर आई एकटीच तिथे राहिली. आता तिला चौऱ्याऐंशीवे लागले, डोळ्यांना दिसत नाही, आणि घर विकून माझ्याकडे वर्ध्याला यायला ती कशीबशी तयार झाली. घराचे ठरले, शेताचे आधीच ठरले होते. भांडीकुंडी पुण्याच्या भावाला नकोत, चंद्रपूरच्या बहिणीला ठेवायला जागा नाही. राहता राहिला टिनाचा एक डबा. त्यात आजीच्या गळ्यातल्या माळेचे बारा रुपये. माळ आजी गेल्यावर मोडली, गोफ कुठे गेला कोणास ठाऊक, रुपये तेवढे राहिले. आई म्हणाली, "काय येते ते पाहून ये अन् विकून टाक बाप्पा. पैसे तिघं वाटून घ्या. वस्तूच्या वाटणीत भांडणं होतात, पैशाच्या वाटणीत होत नाहीत." बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हे वाक्य काही पटण्यासारखे नव्हते, पण आईपुढे कोण बोलणार?

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होते. दाराशी आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणे तशीच लटकत होती. आत दोन रांगांत टेबले, त्यांवर पांढऱ्या चादरी आणि काचेच्या पेट्या. एका बाजूला संग्राहकांची मांडणी, म्हणजे फक्त पाहायची. दुसऱ्या बाजूला नागपूर-अमरावतीकडून आलेले व्यापारी, म्हणजे घ्यायची-द्यायची. शाळेच्या मुलींची एक लांबलचक रांग बाईंच्या मागून सरकत होती, आणि त्यातली प्रत्येक मुलगी भोकाच्या पैशापाशी थांबून आपल्या मैत्रिणीला कोपराने ढोसत होती. "ए, याच्यातून दोरी घालत असतील का गं?" घालत असत. माझ्या लहानपणी करदोट्यात असा पैसा ओवलेली पोरे मी पाहिली आहेत. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, तांबे वाचवण्यासाठी तो काढला होता. गरज संपली तरी भोक मात्र पोरांच्या कमरेला राहिले.

मी सरळ व्यापाऱ्याकडे जायला हवे होते. पण काम टाळायचे असले की माणूस रांगेने सगळे पाहतो, तसे माझे झाले. आणि तिसऱ्याच टेबलाशी पाय अडकला.

तिथे नोटा होत्या. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त काढलेल्या: दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या. गांधीजी भारतीय नोटेवर पहिल्यांदा आले ते या नोटांवर. आज आपल्या खिशातल्या नोटेवर जो त्यांचा हसरा चेहरा आहे तो बराच नंतरचा. १९८७ सालच्या पाचशेच्या नोटेवर चेहरा आला आणि सगळ्या नोटांवर तो बसला १९९६ पासून. १९६९ च्या नोटेवर नुसता चेहरा नाही. गांधीजी खाली बसलेले आहेत आणि त्यांच्या मागे कौलारू कुटी आहे. टेबलामागचे गृहस्थ निवृत्त शिक्षक असावेत असे वाटले, कारण त्यांनी मला काही सांगण्याऐवजी प्रश्न विचारला. "मागचं घर ओळखलं का?"

मी चष्मा वर सरकवून वाकलो. अहो, सेवाग्राम! आमच्यापासून आठ किलोमीटरवर. पाहुणे आले की स्कूटरवरून दाखवायला न्यायचे ते सेवाग्राम. १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला आले, १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. पण आपल्या जिल्ह्यातली मातीची घरे रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर छापून देशभर फिरली, हे तेहतीस वर्षे नोटा मोजणाऱ्या मला त्या दिवशी कळले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशी एखादी नोट माझ्याकडे आलीही असेल. आली असेल आणि मळकी म्हणून बाजूच्या गड्डीत गेली असेल. शिक्षकांना मी हे सांगितले तर ते म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळेच तर आमच्याकडच्या नोटांना किंमत आली." कौतुक की टोमणा, मी विचारले नाही.

त्याच पेटीत शताब्दीची नाणी होती. वीस पैशांचे पिवळे, पन्नास पैसे आणि रुपया निकेलचे, दहा रुपयांचे चांदीचे. या चारांची एक गंमत आहे. त्यांच्यावर १९६९ हा आकडाच नाही. आहे तो १८६९-१९४८, म्हणजे जन्म आणि मृत्यूचे साल. त्यामुळे दर प्रदर्शनात कोणीतरी घाईघाईने पिवळे नाणे घेऊन येतो आणि दीडशे वर्षांपूर्वीचे आहे म्हणतो. मास्तर हे सांगत होते तोच एक तरुण खरोखरच आला. त्याचा चेहरा उतरला तो पाहवेना. मास्तरांनी त्याला बसवून घेतले, नाण्याखाली ठिपका किंवा चौकोन शोधायला लावले आणि टांकसाळ कशी ओळखायची ते शिकवले: मुंबईची हिऱ्याच्या आकाराची खूण, हैदराबादची चांदणी, कलकत्त्याची काहीच खूण नाही. निघताना तो पोरगा नाणे शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून गेला. आला होता तेव्हा ते पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर होते.

सगळ्यांचे असे गोड होत नाही. शेजारच्या टेबलापाशी एक बाई हुज्जत घालत होत्या. त्यांच्याकडे वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे होते आणि त्याचे लाखो रुपये येतात असे त्यांना मोबाइलवर कळले होते. व्यापारी शांतपणे म्हणाला, "ताई, पाच रुपये. चांगलं असलं तर वर थोडे." मग हळूहळू बाहेर आले की लाखाचे गिऱ्हाईक असल्याचे सांगणाऱ्याने आधी नोंदणीची फी मागितली होती, मग कराची रक्कम मागितली, आणि दोन्ही बाईंनी पाठवली होती. मुलाला अजून सांगितले नव्हते. अशा लबाडीत रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले जाते, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही, असली कसलीही फी आम्ही घेत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. पण इशारा वर्तमानपत्रात आतल्या पानावर असतो आणि लाख रुपये हातातल्या मोबाइलवर. बाई नाणे घेऊन गेल्या. त्यांना पोलिसांत जा म्हणून मी सांगितले. त्या गेल्या असतील असे वाटत नाही.

आता खरी जुनी नाणी पाहायची तर आपल्या भागासारखा भाग नाही. धाम नदीवरचे पवनार वाचकांना विनोबांमुळे माहीत. आश्रमाच्या जमिनीत खणताना विनोबांच्या कुदळीला भरत-भेटीचे शिल्प लागले ही हकीकतही अनेकांनी ऐकली असेल. पण पवनार त्याहून फार जुने. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ साली तिथे उत्खनन केले. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. मनसरच्या उत्खननानंतर ते प्रवरपूर असावे असेही मत पुढे आले. एका पेटीत सातवाहनांची काळपट, नखाएवढी नाणी मांडली होती. सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेले चिन्ह. धातू तांबे-शिशा-कथलाच्या मिश्रणाचा, म्हणून चमक अशी नाहीच. पाहणारा सहज पुढे जातो.

मीही गेलो असतो. पण एका धोतरवाल्या शेतकऱ्याने अशीच चार नाणी पुड्यातून काढून पेटीवर ठेवली. "पुरात निघते. पोट्टे येचून आणते. आमी त खेळाले देतो." मांडणीवाल्याने भिंग लावले, मान हलवली आणि त्याला तऱ्हाळ्याची गोष्ट सांगितली. वाशीम जिल्ह्यातल्या त्या गावी १९३९ साली सातवाहनांच्या अशाच नाण्यांचा साठा सापडला, दीड हजारांहून अधिक. मिराशींनी ती एकेक करून वाचली. पुराणांतल्या वंशावळीत ज्यांचा पत्ता नाही असे राजे त्या नाण्यांवर निघाले: कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. म्हणजे राज्य केले, नाणी पाडली, मेले, आणि ग्रंथकार त्यांना विसरले. राहिले ते या टिकल्यांवर. शेतकऱ्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग ह्याईवर कोनाचं नाव हाये?" एकावर अक्षरांचा नुसता वरचा भाग उरला होता, बाकी तिन्हीवर हत्ती होता पण नाव झिजले होते. "पोट्ट्याईले आता खेळाले नाई देत," म्हणत त्याने ती परत पुड्यात बांधली. शेतात कधी मडकेभर सापडली तर मात्र कलेक्टर कचेरीत कळवा, असे मांडणीवाल्याने त्याला बजावले. गुप्तधनाचा कायदा १८७८ सालचा, आणि त्यात मर्यादा घातली ती दहा रुपयांची. दहा रुपयांना तेव्हा काय वजन होते ते यावरून समजावे.

वजनाचीच गोष्ट निघाली आहे तर खिशातल्या रुमालाकडे यायला हवे. दुपारचा एक वाजून गेला होता.

मी ज्याच्यापुढे बसलो तो व्यापारी तिशीतला, नागपूरचा. बोलायला अगदी मोकळा. "या काकाजी, बसा. पाहू काय आणून राहिले." मी रुमाल सोडला. त्याने रुपये हातात न घेता आधी नुसते पाहिले, आणि मला त्याच्या डोळ्यांत काही चमकेल अशी उगाच आशा वाटली. बारापैकी सहांवर १८६२ साल होते, हे मी घरी भिंगाने पाहून ठेवले होते. दीडशे वर्षांपूर्वीचे सहा रुपये! मी तसे म्हणालो.

तो हसला. "१८६२ सगळ्यांकडे असते काकाजी. सरकारने साल बदललंच नाही. १८७४ पर्यंत टांकसाळीत तोच आकडा मारत गेले. कोट्यवधी रुपये, सगळे १८६२ चे." म्हणजे वाढदिवस न मोजणाऱ्या बाईसारखे. खरे वय पाहायचे तर नक्षीत दडलेले बारीक ठिपके मोजायचे. ते मोजणारे जाणकार आहेत म्हणे, आणि त्यांच्या हिशेबी काही ठिपके दुर्मीळही आहेत. माझ्या रुपयांवर मात्र ठिपके दिसण्याजोगी नक्षीच उरली नव्हती. "चिंचेने घासता का?" त्याने विचारले. दर लक्ष्मीपूजनाला! चिंच आणि राख लावून, पाटावर मांडण्याआधी, लहानपणी मी स्वतः घासले आहेत, आरशासारखे चकचकीत होईपर्यंत. त्याने कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटला असणार. शंभर वर्षांत धातूवर जो काळा साज चढतो तोच संग्राहकाला हवा असतो. तो काढला की नाणे सोलल्यासारखे होते. आणि वर प्रत्येकाच्या माथ्यावर कडीचा डाख. माळेतून सोडवताना कड्या कापल्या, डाखाचा ठिपका राहिला. "छंदवाला घेणार नाही. चांदीच्या भावात जाईल," तो म्हणाला, आणि मान्य करावे लागेल, सरळ बोलला. दुसरा कोणी असता तर मला आधी अर्धा तास झुलवले असते.

मग त्याने एकेक रुपया छोट्या काट्यावर ठेवायला सुरुवात केली. राणीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पर्यंत हा कस टिकला, मग युद्धात निम्म्यावर आला, १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. आमचे रुपये आजीच्या गळ्यात झिजलेले, साडेअकराच्या आसपास भरत होते. सहा १८६२ चे, तीन राणी सम्राज्ञी झाल्यानंतरचे, एक टकल्या एडवर्डचा, दोन पंचम जॉर्जचे. वजन झाले की तो प्रत्येक रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्याने हलकेच टिचकी मारायचा. काय आवाज होता तो! मंगल कार्यालयातल्या त्या गलबल्यातही बारीक, लांब, थरथरत जाणारा. खणखणीत म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. बँकेत मी नाणी मशीनमध्ये ओतायचो. तिथे नुसता खडखडाट.

चौथा रुपया बोलला नाही.

त्याने पुन्हा टिचकी मारली. बद्द. काट्यावर ठेवला तर नऊ ग्रॅमही भरेना. भिंगातून कड पाहिली आणि रुपया माझ्याकडे सरकवला. "हा ओतीव आहे काकाजी. साच्यातला. कडेची शिवण पाहा. जर्मन सिल्व्हर असेल." मी पाहिले. कडेने एक केसासारखी रेघ फिरली होती. राणीचे नाकही जरा बसके वाटले, पण ते कदाचित कळल्यामुळे.

मला राग आला. आजी रोज रात्री माळ काढून उशाखाली ठेवताना रुपये मोजायची. बोटाने एकेक सरकवत बारा म्हणायची आणि मग दिवा मालवायची. तिला कोणी फसवले? कुठल्या सोनाराने? व्यापाऱ्याने अकरांचा आकडा कागदावर लिहून दिला. आकडा वाईट नव्हता. मी "घरी विचारून येतो" म्हणालो. त्यानेही आग्रह केला नाही. बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला, त्या बद्द रुपयावर दुसऱ्याने टिचकी मारून पाहिली, आणि पुन्हा मारून पाहिली.

संध्याकाळी आईला सगळे सांगितले. गांधीजींच्या नोटेवर सेवाग्राम आहे म्हटल्यावर तिला फार मौज वाटली. चांदीचा भाव ऐकून तिने मान डोलावली. मग मी म्हणालो, "पण आई, एक रुपया खोटा निघाला. आजीला कोणीतरी फसवलं."

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "फसवलं नाही. म्या बदलला होता."

बारावीचा माझा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. साल १९७९. कापसाचे पैसे यायचे होते आणि वडिलांनी ज्यांच्याकडे शब्द टाकला त्यांनी नाही म्हटले होते. शेवटची तारीख दोन दिवसांवर. माळेची गाठ सैल झाली, पक्की करून आणते, असे सांगून आईने ती सोनाराकडे नेली. एक रुपया त्याला दिला, आणि पूजेच्या सामानात मिळतो तसला एक खोटा घेऊन त्यावर डाख लावून माळेत बसवून आणला. "आत्याबाई मोजत होत्या ना रोज. अकरा झाले असते तर घरात काय झालं असतं?" आजीने त्या रात्री मोजले. बारा भरले. पुढे नऊ वर्षे आजी जगली, रोज बारा भरले.

"मग मला आज विकायला पाठवलंस ते?" मी विचारले. "मी विसरून गेली होती रे," ती म्हणाली, आणि मग ओठांवर पदर धरून हसली. ती विसरली होती की कुणी परक्याने ओळखतो का ते तिला पाहायचे होते, मी सांगू शकत नाही.

रात्री भावाला आणि बहिणीला फोन केला. विकायचे नाही यावर तिघांचे एकमत व्हायला दहा मिनिटेही लागली नाहीत. घराच्या वेळी तीन महिने लागले होते. वाटणी सोपी होती. बाराचे तीन भाग चार-चार. पुण्याच्या भावाचे पार्सल मी केले, बहीण संक्रांतीला येऊन तिचे घेऊन गेली. जाताना तिने आपले चारही दगडी चौथऱ्यावर वाजवून घेतले, हिशेबाला ती पक्की आहे.

माझे चार त्याच टिनाच्या डब्यात आहेत. वाजवले तर तीनच वाजतात. लक्ष्मीपूजनाला पाटावर चारही मांडले, या वेळी चिंच न लावता.